घाटात काटा वर जातो: जुनी गाडी पुन्हा पुन्हा तापत असेल तर

आधी लक्षणं वाचा. गाडी नेमकी कधी तापते, यावर अर्धा शोध तिथेच संपतो.

- सिग्नलला किंवा टोलनाक्याच्या रांगेत तापमानाचा काटा चढतो, गाडी पळायला लागली की उतरतो. संशय पंख्यावर.
- गावात ठीक, पण घाटात किंवा चार माणसं आणि एसी घेऊन हायवेला काटा सरकतो. पाणी कमी, रेडिएटर (इंजिनाचं पाणी थंड करणारी पुढची जाळी) चोंदलेला, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडणारा, नाहीतर पाण्याचा पंप थकलेला.
- दर आठवड्याला पाणी घालावं लागतं आणि खाली एक थेंब दिसत नाही.
- गाडी बंद केल्यावर रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत गुडगुड आवाज येतो, कधी पाणी उसळून बाहेर येतं.
- हीटर लावला तर मध्येच गरम हवा जाऊन थंड हवा येते. पाण्यात हवा अडकली आहे.
- शेजारच्या सीटच्या पायाशी ओल आणि काचेवर चिकट, गोडसर वासाची वाफ. हीटरची आतली जाळी गळतेय.
- काटा वर चढत असतो आणि अचानक खाली पडतो. हे बघून हायसं वाटतं, पण हे सगळ्यात वाईट लक्षण. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच तो खरं बोलतो. पाणीच संपलं की तो हवेत लटकतो आणि काटा घसरतो. गाडी तिथल्या तिथे बंद करा.

मी मेकॅनिक नाही. कराडला राहतो, सासुरवाडी चिपळूणची, गाडी २००७ ची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. जाताना काही होत नाही, कुंभार्ली घाट तेव्हा उतरायचा असतो. परत येताना शिरगाव, पोफळी मागे पडली की चढ लागतो. पुढे चिऱ्याचा ट्रक, आपण दुसऱ्या गिअरमध्ये, वेग वीस-पंचवीस, बाहेर मे महिन्याची दमट हवा. इंजिनावर भार सगळ्यात जास्त आणि समोरून वारा जवळपास नाही. २०१९ ते २०२४ या काळात माझी गाडी या चढावर पाच वेळा तापली. शेजारी आणि नातेवाईक मिळून आणखी सात-आठ गाड्यांचं हेच दुखणं मी निस्तरलंय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, की पाणी घालत राहणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. पाणी जातंय कुठे, किंवा फिरत का नाही, हे शोधायचं असतं.

आत्ता रस्त्यावर असाल तर

काटा मध्याच्या वर सरकायला लागला की एसी बंद करा, काचा खाली घ्या, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात लावा. मे महिन्यात हे करताना घरचे तुमच्याकडे कसे बघतात ते मला ठाऊक आहे. पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो आणि पुढची रुंद जागा गाठता येते. काटा लालपर्यंत पोचला, वाफ दिसली किंवा पाणी उसळलं तर मात्र इंजिन बंद. "वर टपरी आहे, तिथपर्यंत नेतो" हा विचार करू नका. बहुतेक गाड्यांचं सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) अॅल्युमिनियमचं असतं आणि त्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्येच ते वाकतं.

रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पाऊण तास थांबा, वरचा होज (रेडिएटरची रबरी नळी) हाताला सोसेल इतका निवेपर्यंत. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही फक्त दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. निवल्यावरही जाड फडकं टाकून पहिल्या आट्यापर्यंतच फिरवा, सुस्कारा संपू द्या, मग उघडा. तापलेल्या इंजिनात झऱ्याचं गार पाणी ओतणारे मदतगार घाटात हटकून भेटतात. त्यांना हात जोडून थांबवा, हेडला तडा जातो.

आता घरी, थंड इंजिनावर. साधारण स्वस्तापासून महागाकडे

पाण्याची पातळी, खर्च शून्य. सकाळी, रात्रभर उभ्या गाडीत, रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. नुसती प्लॅस्टिकची बाटली बघून समाधान मानू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं होऊ शकतं. माझ्याकडे झालं, ते पुढे सांगतो. पाणी गळ्यापर्यंत असायला हवं. रंगही बघा. गंजकट चहासारखं असेल तर कित्येक वर्षं नुसतं नळाचं पाणी चाललंय. वर तेलाचा तवंग असेल तर पुढचं सगळं सोडून थेट 'इथे थांबा' हा भाग वाचा.

समोरची जाळी, खर्च एक बादली पाणी. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, आणि दोन्हींच्या मधल्या बोटभर फटीत धूळ, किडे, बगॅसचा भुसा यांचा नमदा तयार होतो. आमच्याकडे उसाच्या हंगामात तर विचारूच नका. पुढून जाळी स्वच्छ दिसते आणि वारा आत जातच नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर पडतो. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका, पातळ पत्र्या आडव्या होतात आणि मग वाराच अडतो.

झाकण, दीडशे ते तीनशे रुपये. यावर थोडा थांबणार आहे, कारण याच वस्तूने माझे सगळ्यात जास्त पैसे खाल्ले.

महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं. इंजिनात तेच पाणी ९५ च्या वरही शांत राहावं लागतं, आणि ते झाकणाच्या स्प्रिंगमुळे राहतं. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर साधारण तेवढा बार दाब ते धरून ठेवतं, आणि तेवढ्या दाबाखाली समुद्रसपाटीला साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मेली किंवा रबर कडक झालं की हा सगळा फरक गेला. गाडीत बाकी काही बिघडलेलं नसताना पाणी उकळू लागतं.

झाकणाचं दुसरं काम कुणी सांगत नाही. तापल्यावर पाणी फुगतं, जास्तीचं बाटलीत जातं. निवताना आत पोकळी होते आणि तेच पाणी बाटलीतून परत ओढलं जातं. ते झाकणाच्या मधोमध असलेल्या एका छोट्या, शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीतून येतं. ती चकती गंजून चिकटली की पाणी बाटलीत जातं पण परत येत नाही. आतल्या पोकळीने होज चपटा होतो आणि एखाद्या ढिल्या क्लिपमधून हवा आत शिरते. प्रत्येक फेरीत रेडिएटर थोडा रिकामा, बाटली थोडी जास्त भरलेली.

माझ्या गाडीचं दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वेळचं तापणं हेच होतं. एकदा थर्मोस्टॅट बदलला. एकदा रेडिएटर धुऊन नवं कूलंट भरलं. एकदा पंख्याची मोटर बदलली. दर वेळी काम करताना मेस्त्री रेडिएटर गळ्यापर्यंत भरायचे, त्यामुळे पुढच्या दोन फेऱ्या ठणठणीत जायच्या आणि आम्हाला वाटायचं, झालं काम. सगळे मिळून ७,४०० रुपये गेले. मग एका सकाळी दूध आणायला निघताना बॉनेट उघडलं, तर वरचा होज कुणी चिमटीत धरल्यासारखा पिचलेला. झाकण काढलं. सुस्स असा आवाज झाला, हवा आत ओढली गेली आणि होज टम्म झाला. रेडिएटरमध्ये पाणी वीतभर खाली, बाटली मात्र 'फुल'च्या रेघेवर. नवं झाकण २२० रुपयांना आलं.

तेव्हा झाकण उलटं करून ती मधली चकती नखाने उचलून बघा. हलकेच उचलली जाऊन परत बसली पाहिजे. रबराला चिरा असतील तर बदला. नवं घेताना आकडा तोच घ्या. जास्त आकड्याचं लावलं म्हणून ताप कमी होत नाही, जुना होज मात्र फुटतो.

होज आणि क्लिपा, पन्नास ते सहाशे. रात्री इंजिनाखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून गळतीची जागा कळते. पाणी तापलेल्या इंजिनावरच वाळून जात असेल तर पुठ्ठा कोराच राहतो. तेव्हा सांध्यांवर पांढरी, हिरवी किंवा गुलाबी पापडी शोधा. होज दाबून बघा. करकर वाजला किंवा चिखलासारखा मऊ लागला तर त्याचे दिवस भरले. खालचा होज विसरू नका, तिथून पंप पाणी ओढतो आणि मऊ झालेला होज वाढत्या वेगात आत ओढला जाऊन चपटा होतो. उभ्या गाडीत काहीच दिसत नाही, घाटात मात्र पाणी अडतं.

गळती दिसली की कुणीतरी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगेल. बारीक भोक त्याने खरंच बुजतं, आणि रानात अडकलात तर टाकाही. पण घरी पोचल्यावर सगळं पाणी काढून धुवा. हळदीला भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही.

पंखा, फ्यूजचे दहा रुपये ते मोटरचे दोन-तीन हजार. गाडी उभी करून चालू ठेवा आणि काट्याकडे बघत राहा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा लागला पाहिजे आणि थोड्या वेळात बंद झाला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की रेडिएटरचा पंखाही फिरतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर शोध सोपा होतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, म्हणजे मोटर चांगली आहे आणि दोष सेन्सर किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. कशानेच फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच). फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. माझ्या पहिल्या वेळी, २०१९ साली, नुसता रिले गेला होता. या सगळ्यात हात आणि ओढणी पात्यांपासून लांब ठेवा, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

अडकलेली हवा, खर्च शून्य. कुठलंही काम करून पाणी भरलं की आत हवेचा फुगा राहतो, आणि तो नेमका हेडमध्ये जाऊन बसतो. गाडीचं तोंड चढाला लावून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर, थंड इंजिन सुरू करून झाकण उघडं ठेवा. पाणी हळूहळू भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, बुडबुडे येतात. ते थांबले की झाकण लावा. पाऊण तास गेला आणि बुडबुडे थांबायचं नाव घेत नसतील, तर ती हवा नाही. 'इथे थांबा' वाचा.

थर्मोस्टॅट, चारशे ते आठशे. गाडी तापली, वरचा होज चटका देतोय आणि खालचा गार, म्हणजे पाणी रेडिएटरमधून फिरत नाही. थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा रेडिएटर चोंदलाय. थर्मोस्टॅट काढून घरी तपासता येतो. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात अधांतरी सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. त्याच्या पितळी अंगावर आकडा कोरलेला असतो, माझ्यावर ८२ होता. त्याच्या आसपास तो उघडायला लागायला हवा आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. माझा जुना थर्मोस्टॅट नव्वदला जेमतेम नखाएवढा उघडला, मग तसाच अडकला. पातेलं मात्र जुनं, टाकाऊ घ्या. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्र्या-मांजरांपासूनही लांब ठेवा. आमच्याकडचं चहाचं पातेलं त्या दिवशी स्वयंपाकघरातून कायमचं गॅरेजात गेलं. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे नको.

"साहेब, थर्मोस्टॅट काढूनच टाकू, कटकटच नको," हे तुम्हाला कोणी ना कोणी म्हणणारच. नको म्हणा. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडच पळत राहतं, पेट्रोल जास्त पितं, तेलात ओल साठून गाळ होतो. शिवाय सपाटीवर काटा खालीच राहिल्यामुळे खरा दोष झाकला जातो आणि घाटात पुन्हा उघडा पडतो.

रेडिएटर आतून, पाचशे ते पाच हजार. बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं घातलेलं असेल तर बंबाच्या आत जमतो तसा पांढरा थर नळ्यांमध्ये जमतो. गाडी तापवून बंद करा, पंख्याची वायर काढा, आणि जाळीवरून हात थोडा लांब धरून फिरवा. सगळीकडे ऊब हवी. मधला एखादा पट्टा गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत. जुना पितळी रेडिएटर असेल तर टाक्या उघडून आत सळई घालून साफ करणारे कारागीर अजून मिळतात. अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतील तर साफसफाईत पैसे घालवू नका, नवा बसवा. नव्यात तयार मिश्रणाचं कूलंट घाला, किंवा घट्ट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणणारे भेटतात. आपल्याला ते पाणी गोठू नये म्हणून नाही, गंज आणि क्षार टाळण्यासाठी हवंय.

पाण्याचा पंप. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ दिसला तर आतलं सील गेलं. पुली धरून हलवली आणि खुळखुळली तर बेअरिंग गेलं. पंप बाहेरच्या फॅनबेल्टवर असेल तर हाताचा माणूस घरी बदलू शकतो. आतल्या टायमिंग बेल्टवर असेल तर हात लावू नका. बेल्ट एक दातही चुकला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

इथे थांबा आणि मेस्त्रींना बोलवा

पुढच्यातलं एक जरी दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका, टोचन करून न्या: ऑइलच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ, लोण्यासारखा थर, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर, थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत होज दगडासारखा कडक, रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे, सकाळी सुरू करताना एक सिलिंडर काही सेकंद मारत नाही आणि मग सुधारतो. ही सगळी हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेल्याची चिन्हं. ऑइलच्या झाकणावरचा थर एकटाच असेल, तोही पावसाळ्यात आणि गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच फिरत असेल, तर मात्र घाबरू नका. नुसत्या दमटपणानेही तो येतो.

गॅरेजात गेल्यावर हेड उघडायला लगेच हो म्हणू नका. आधी दोन तपासण्या मागा. एक, निळ्या द्रवाची: रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून त्यातली हवा निळ्या द्रवातून ओढतात. जळालेला वायू पाण्यात येत असेल तर द्रव पिवळा पडतो. दुसरी, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येकात दाब किती तयार होतो ते. दोन्ही मिळून तासाभराचं काम. ज्यांच्याकडे ही साधनं नाहीत आणि तरीही "हेडच गेलंय" असं जे छातीठोकपणे सांगतात, त्यांच्याकडून गाडी परत आणा.

आणि मग प्रश्न येतो: एवढं करायचं का?

हा हिशेब हेड उघडण्याआधी करायचा. उघडल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही. आमच्या शेजारच्या काकांचं तेच झालं. गाडी २००४ ची. हेड उघडलं, लेथवर फेसिंग केलं, गॅस्केट किट आणलं, नऊ हजार झाले. मग मेस्त्री म्हणाले, "काका, बोअर पण झिजलेत, आता उघडलंच आहे तर करूनच घ्या." उघडी गाडी विकताही येत नाही आणि नऊ हजार सोडवतही नाहीत. इंजिनकाम ४१,००० ला पडलं. वर्षभरात क्लच आणि पुढचं सस्पेन्शन निघालं. गाडी तेव्हा पन्नास हजारांनासुद्धा कुणी घेतली नसती.

माझ्यावर ही वेळ २०२४ मध्ये आली, पाचव्या वेळी. गॅरेजने सोळा हजारांचा अंदाज दिला, पुढे "उघडल्यावर कळेल" ही शेपूट. गाडी तशीच ठेवायला सांगून घरी आलो आणि कागद घेतला.

पहिला मुद्दा कागदपत्रांचा. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असा समज दिल्लीच्या नियमांवरून इकडे पसरलाय. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली तर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते, पर्यावरण कर वेगळा. माझी जून २०२२ मध्ये वाढली. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी सहाशेची पाच हजार झाली होती, मी दोन महिन्यांनी सापडलो. म्हणजे मुदत जून २०२७ पर्यंत. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांपुढच्या मोटारीला ती फी दहा हजार आहे. म्हणून या गाडीत आता घातलेला प्रत्येक रुपया मी जून २०२७ पर्यंतच्या महिन्यांनी भागतो. त्यापुढचं आयुष्य हिशेबात धरत नाही.

दुसरा मुद्दा, येत्या वर्षात ठरलेले खर्च: टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट, विमा. दुरुस्तीच्या आकड्यात हे मिळवा. ही बेरीज गाडीच्या आजच्या चालत्या किमतीच्या निम्म्यावर गेली तर मी हेड उघडणार नाही, असं ठरवलं. निम्मं हा काही शास्त्रातला आकडा नाही, माझी झोप लागायचा आकडा आहे. पत्रा खालून कुजलेला असेल तर निम्म्यापर्यंतही जाऊ नका. कोकणच्या पावसात राहिलेली गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय इंजिनावर खर्च करणं म्हणजे पडक्या घराला नवा दरवाजा.

मग पर्याय. जुन्या बाजारातून दुसरं इंजिन बसवून घेता येतं आणि ते कधीकधी इंजिनकामापेक्षा स्वस्त पडतं. पण इंजिन नंबर आरसीवर बदलून घ्यावा लागतो आणि त्या इंजिनाचे कागद नसतील तर पुढे विमा आणि पासिंग दोन्ही अडतं. आहे त्या अवस्थेत विकायची तर दोष सांगूनच विका, आणि मालकी हस्तांतर झाल्याशिवाय गाडीवरचं नाव तुमचंच राहतं हे लक्षात ठेवा. भंगारात द्यायची तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नको, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नवीन खासगी गाडीच्या करात सवलत मिळू शकते आणि आरसी रीतसर रद्द होते. दुसरी जुनी गाडी घ्यायची तर याच लेखातल्या तपासण्या तिथे करा, थंड इंजिनावर. मालकाने तुम्ही यायच्या आधीच गाडी तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

शेवटचा पर्याय लोक कागदावर लिहीतच नाहीत: दुसरी गाडी न घेणं. आमच्या महिन्याला चिपळूणच्या दोन फेऱ्या होतात. एसटीत बायकोला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांना प्रवास फुकट. सोळा हजारांत आमच्या किती फेऱ्या बसतात हे मोजलं तेव्हा दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

त्या वेळी निर्णय सोपा झाला, कारण मी दुसऱ्या गॅरेजात निळ्या द्रवाची तपासणी करून घेतली आणि द्रव निळाच राहिला. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं. रेडिएटरचा मधला वीतभर पट्टा गार होता. नवा रेडिएटर, दोन्ही होज, कूलंट, मजुरी मिळून ६,३०० रुपये. हेड गेलं असतं तर मी ती गाडी स्क्रॅपिंगला दिली असती, बायकोशी तसं बोलणं झालं होतं.

तेव्हापासून डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही आहे. दर रविवारी थंड इंजिनावर पातळी बघतो, किती मिली घातलं आणि किलोमीटर किती, एवढंच लिहितो. महिन्याला शंभर-दीडशे मिली बाटलीतून कमी झालं तर सोडून देतो. दोन आठवडे लागोपाठ आकडा वाढला तर पुठ्ठा काढतो.

डिकीत पाच लिटर डिस्टिल्ड पाणी, दोन क्लिपा, स्क्रूड्रायव्हर, जाड फडकं, फ्यूज, एक रिले आणि एक नवं झाकण असतं. जुनं झाकण काढल्यावर फेकून द्या, "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून डिकीत ठेवू नका. मी ठेवलं होतं, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजातल्या पोराने तेच परत बसवलं.